राईतून काय गेलं

रखमाजी वाघजाईच्या राईतून बाहेर पडले की सीमेच्या धोंड्यापाशी थांबत आणि घोंगडी झटकत. आधी एका बाजूने, मग उलटी करून दुसऱ्या बाजूने. मग एक पाय दुसऱ्या पायावर घासून तळवे पुसत. एखादं वाळकं पान, काटकी, गवताचं कुसळ चिकटून आलं असेल तर ते उचलून धोंड्याच्या आत टाकत. सोबत कोणी असलं तर त्याचीही पाठ बघत. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर राई बघायला गेले, तेव्हा माझ्या वेणीत एक बारीक डहाळी अडकली होती. परक्या बाईच्या केसांना हात लावायचा कसा, म्हणून ते बराच वेळ नुसते उभे राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, केसात देवीचं कायतरी हाय. तेवढं ठिऊन या."

हिर्डोशीच्या वर, घाटाच्या अंगाला डोंगरात ही वाडी आहे. नाव धारवाडी. एसटी हिर्डोशीपर्यंत यायची, तीही तिच्या मर्जीने, पुढे पायवाट. मी हिर्डोशीत खोली घेऊन राहत असे आणि वाडीच्या शाळेवर शिकवायला रोज चढून जात असे. खाचरांत भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई, दारात एखादी म्हैस, अशी तिथली घरं. वाडीच्या डोक्यावर राई, देवीच्या नावाने राखलेलं जुनं रान. राईचा नियम एकच होता आणि तो पहिलीतल्या मुलालाही ठाऊक होता. राईतलं काही घरी न्यायचं नाही. मोडून पडलेलं झाड तिथंच कुजायचं. पावसाळ्यात सुकं लाकूड मिळत नसे, तेव्हाही बाया राईच्या कडेकडेने जाऊन लांबच्या डोंगरातून मोळी आणत. ओढा मात्र राईतच उगम पावून बाहेर यायचा, आणि एकदा धोंडा ओलांडून खाली उतरला की तो सगळ्यांचा. पाणी आपल्या पायानं भाईर येतं, असं रखमाजी म्हणत.

राखण त्यांच्या घराण्याकडे होती. रोज तिन्हीसांजेला देवीपुढे तेलाची पणती लावायची, एवढंच काम. पण ते एक दिवसही चुकवता येत नसे. त्यामुळे रखमाजी कधी कुठे मुक्कामाला गेले नाहीत. मुलाचं, हनुमंतचं, लग्न शिवऱ्याला होतं. वऱ्हाड हळदीच्या रात्री तिथेच राहिलं आणि नवऱ्या मुलाचा बाप दुपारच्या एसटीने पणती लावायला वाडीत परत आला. सकाळी पुन्हा गेला. या सगळ्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि मोठेपणाही मिरवला नाही.

अंगाने बुटके, बोलायला सावकाश. त्यांची एक गोष्ट मला फार आवडायची. वर्गात "कळलं का?" असं विचारलं की सगळी मुलं एका सुरात "हो" म्हणतात. रखमाजींना एखादी गोष्ट कळली नाही तर ते "न्हाई कळलं" म्हणत. पुन्हा सांगितलं आणि तरीही नाही कळलं, तर पुन्हा तेच म्हणत. समोरचा दमून जाई, ते दमत नसत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पुण्याची एक संस्था वाडीत आली. वीज बोर्डाचे खांब हिर्डोशीला येऊन थांबले होते आणि पुढे सरकायचं चिन्ह नव्हतं. संस्थेचं म्हणणं असं की वाडीने बोर्डाची वाट बघू नये. ओढ्याचं पाणी पाइपातून उतारावरून खाली सोडायचं, त्यावर यंत्र फिरवायचं आणि आपली वीज आपण करायची. वाडीची वीज समिती झाली. तिच्या प्रमुख रतनबाई. त्यांचा नवरा तरुणपणीच गेला होता. दोन मुली आणि शेत त्यांनी एकटीने सांभाळलं. जिभेला धार होती, पण वाडीत कोणाच्या घरी अडलंनडलं तर आधी त्याच पोचत.

अडचण एकच निघाली. खालचा ओढा गाळ आणि दगड घेऊन येई, म्हणून पाइपाचं तोंड वर, राईतल्या खडकातल्या कुंडाशीच बसवावं लागणार होतं. म्हणजे रखमाजींना विचारणं आलं.

संस्थेचा इंजिनियर तरुण आणि सज्जन होता. त्याने धोंड्याबाहेर चपला काढल्या आणि रखमाजींना समजावून सांगितलं, की आम्ही राईतलं काहीच घेत नाही. पाइपात जेवढं पाणी शिरेल तेवढंच खाली ओढ्यात परत पडेल, थेंबभरही कमी होणार नाही. रखमाजी म्हणाले, करून दाखवा. मग तात्पुरता पाइप टाकला, यंत्र फिरवलं. यंत्राच्या खाली जिथे पाणी पुन्हा ओढ्याला मिळत होतं, तिथल्या खडकावर रखमाजींनी आधीच कोळशाने रेघ ओढून ठेवली होती. यंत्र फिरायला लागल्यावर ते त्या रेघेपाशी दुपारपर्यंत बसून राहिले. पाणी रेघेखाली गेलं नाही. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "बरूबर हाय. कायबी गेलं न्हाई." परवानगी मिळाली. पाइप बसवणाऱ्या मजुरांना ते रोज धोंड्यापाशी उभं करून त्यांचे कपडे झटकायला लावत.

दिवाळीत वीज आली. घरटी एक दिवा. रखमाजींच्या घरातही लागला. पहिल्या संध्याकाळी त्यांची बायको धोंडाबाई घरभर हिंडून अधू डोळ्यांनी भिंतींवरची जळमटं जवळून बघत होत्या आणि स्वतःवरच हसत होत्या, की एवढ्या घाणीत मी आजवर राहत होते. रखमाजी भिंतीला टेकून दिव्याकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते शाळेत आले आणि दारातच उभे राहिले.

"बाई, राईतून कायबी गेलं न्हाई ना?"

मी म्हटलं, "नाही. तुम्हीच तर बघितलंत."

"मग माझ्या घरात हे काय आलंय?"

माझ्या हातात खडू होता. चौथीला शिकवतात तसं मी सांगायला गेले, की उंचावरून पडणाऱ्या पाण्यात जोर असतो, तो जोर यंत्र काढून घेतं आणि त्याची वीज होते. पाणी तेवढंच राहतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, जोर यंत्राचा की पाण्याचा? पाण्याचा, मी म्हटलं. पाणी कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. "म्हंजी गेलं की," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी दिवा काढला, फडक्यात गुंडाळला आणि रतनबाईंना नेऊन दिला. रतनबाई चिडल्या. म्हणाल्या, तात्या, आता सगळ्या वाडीला अंधारात बसवणार का? रखमाजी म्हणाले की आपण शब्द दिलाय, तो काही परत घेणार नाही. बाकीच्यांनी खुशाल दिवे लावावेत. फक्त राखणदाराच्या घरात राईतलं काही नको. ते ऐकून आसपासच्या दोन-तीन घरांनी भीतीने दिवे बंद ठेवले. मग कोणाला काही झालं नाही असं बघून हळूच पुन्हा लावले.

खरी पंचाईत धोंडाबाईंची झाली.

त्या हिवाळ्यात भोरला डोळ्यांचं शिबिर झालं आणि त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. शेजारच्या खाटेवर भोरच्या हलिमाबी होत्या. त्यांचीही तीच शस्त्रक्रिया झाली होती. एका डोळ्याला पट्टी आणि दुसरा अधू, अशा दोघी एकमेकींचं तोंड नीट न बघताच मैत्रिणी झाल्या. पट्टी सुटल्यावर धोंडाबाई विश्रांतीसाठी हनुमंतकडे शिवऱ्याला राहिल्या. हनुमंतचं हायवेला टायर पंक्चरचं दुकान होतं आणि घरात ट्यूबलाइट. कितीतरी वर्षं हाताने चाचपून स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिथे तांदळातला खडा दिसायला लागला. सुनेच्या साडीवरची बुट्टी दिसली. नातीच्या गालावरचा तीळ दिसला.

माघात त्या वाडीला परत आल्या, तर घरात पुन्हा रॉकेलची चिमणी. तिच्या काजळीने डोळ्याला पाणी सुटे. धुरापासून जपा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. एका संध्याकाळी चुलीवरून भांडं उतरवताना उकळती पेज पायावर सांडली. पायाला फोड आले. रखमाजींनी लोणी लावलं. धोंडाबाई भांडल्या नाहीत. चार दिवसांनी मी विचारपूस करायला गेले, तेव्हा त्यांनी नवऱ्यादेखतच मला सांगितलं, की शिमगा झाला की त्या शिवऱ्याला जाणार. पाहुणी म्हणून नाही, कायमच्या.

"यांना देवी सोडवत न्हाई, मला डोळा सोडवत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यात कुनाचं काय चुकलं, बाई?"

रखमाजी ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. तिच्यावाचून त्या घरात ते कसे राहणार, हे मला कळेना. त्यांनाही कळत नसावं. भाकरी तर सोडाच, स्वतःचा गूळ कोणत्या डब्यात असतो हेही त्यांना माहीत नव्हतं.

शिमग्याच्या आधीच ओढा आटत आला. पाइपात पाणी पोचेना आणि यंत्र थांबलं. अशा वेळेसाठी संस्थेने शाळेच्या छपरावर काळ्या काचेच्या पाट्या बसवल्या आणि वर्गाशेजारच्या खोलीत बॅटऱ्या ठेवल्या. दिवसभर ऊन साठवायचं, संध्याकाळी वाडीत सोडायचं. जोडणी करायला भोरहून मौलालीभाई आले. त्यांचं एसटी स्टँडजवळ मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि यंत्राची देखभाल त्यांच्याकडेच होती. हलिमाबी त्यांची आई. येताना ते धोंडाबाईंसाठी आईचा निरोप आणि शेवयांचा पुडा घेऊन आले होते.

ऊन म्हटल्यावर रखमाजी तिथे येऊन बसले. पाट्या बघितल्या. बॅटऱ्या बघितल्या. मग राईत जाऊन पाइपाचं तोंड कोरडं आहे हे बघितलं, खाली येऊन यंत्राच्या पात्यावर हात ठेवून बघितला. परत आले आणि म्हणाले, "ऊन राईतलं न्हाई."

"न्हाई," मौलालीभाई म्हणाले.

"मग ही चालंल."

रतनबाईंनी फडक्यातला दिवा तसाच ठेवला होता, तो त्यांनी आणून दिला. त्या संध्याकाळी रखमाजींच्या घरात उजेड पडला आणि शिमगा होऊन गेला तरी धोंडाबाईंनी शिवऱ्याचं नाव काढलं नाही. नातीसाठी त्यांनी गोधडी शिवायला घेतली. इतक्या बारीक टाक्यांची गोधडी मी त्या भागात बघितली नव्हती.

पण पाऊस आल्यावर काय, हा प्रश्न होताच, आणि तो रखमाजींनीच समितीच्या बैठकीत काढला. यंत्र फिरायला लागलं की त्याची वीज आणि पाट्यांची वीज वेगळ्या तारांनी येणार का? मौलालीभाईंनी सांगितलं की तार एकच. दोन्ही तीतच मिसळणार.

"मग माझ्या घरात तेवढी उन्हाची सोडा."

सगळे हसले. मौलालीभाई हसले नाहीत. ते म्हणाले, तात्या, तारेला चाळण लावता येत नाही. रतनबाई म्हणाल्या, "डेअरीत दूध घातल्यावर आपल्याच म्हशीचं परत द्या म्हनतंय का कुनी?"

रखमाजींनी यावर विचार केला. "न्हाई म्हनत," ते म्हणाले. "पर म्या डेअरीचं दूध घेतच न्हाई."

वैशाख संपेपर्यंत ते रोज संध्याकाळी पणती लावून उतरले की रतनबाईंच्या दारावरून जात आणि विचारत, "आज कुठली?" रतनबाई आतूनच ओरडून सांगत, "उन्हाची." मग ते घरी जाऊन दिव्याचं बटण दाबत. वाडीतली मुलं खेळात एकमेकांना "आज कुठली?" विचारायला लागली. त्याचा अर्थ काय होता, त्यांना ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये ओढा भरला. यंत्राची घरघर पुन्हा ऐकू यायला लागली. रखमाजींनी त्या दिवशीही विचारलं, आज कुठली? रतनबाई या वेळी दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आळीला उन्हाची, खालच्या आळीला पान्याची. मौलालीभाईनी तशी जोडणी करून दिलीया."

हे खरं नव्हतं. मला रतनबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. धोंडाबाई गेल्या तर रखमाजींचं काय होणार, हे त्यांना दिसत होतं. एकटं राहणं काय असतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मीही रखमाजींना खरं सांगितलं नाही.

पण आषाढात त्या डोंगरात ऊन दिसतच नाही. ढग घरात शिरतात, दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. रखमाजी पाठीवर पानांचं इरलं घेऊन भाताची लावणी करत होते. एकदा शाळेकडे जाताना बघितलं तर बांधावर उभे राहून वर आभाळाकडे बघत होते. मला थांबवून म्हणाले, "बाई, साठवल्यालं ऊन किती दिस टिकतं?"

मी म्हटलं, मौलालीभाईंना विचारा. मौलालीभाई यंत्राचा पट्टा बदलायला आले तेव्हा त्यांनी विचारलं. मौलालीभाईंनी रतनबाईंकडे बघितलं. रतनबाई पदराने तोंड पुसत दुसरीकडे बघत होत्या. "टिकतं काही दिस," ते म्हणाले.

"म्हंजी उन्हाळ्यात वाळवल्यालं आपुन पावसाळ्यात खातो, तसं?"

"तसंच समजा, तात्या."

रखमाजींनी समजून घ्यायचा प्रयत्न केला. चेहऱ्यावरून दिसत होतं. घरी जाऊन ते दिव्याखाली बसले, पण आता त्यांची नजर दिव्यावरून हटत नसे. जेवताना घास हातात तसाच राही. एकदा भर पावसात शिडी लावून ते शाळेच्या छपरावर चढले आणि पाट्यांवर हात ठेवून आले. उतरल्यावर हात माझ्यापुढे धरून म्हणाले, गार हायेत. जणू मी त्याचं काही सांगू शकेन.

त्याच आठवड्यात एका दुपारी हिर्डोशीच्या वाटेवरचा ओढा फुगला आणि मला उतरता येईना. मी रखमाजींच्या घरी थांबले. तिन्हीसांजेला रखमाजी राईतून आले, घोंगडी वलणीवर टाकली. आम्ही तिघं दिव्याखाली बसलो होतो. धोंडाबाई गोधडीचा शेवटचा काठ शिवत होत्या. त्यांनी सुई टोचून ठेवली, उठल्या आणि दिव्याचं बटण बंद केलं.

अंधारात त्यांचा आवाज आला. "अवो, ही उन्हाची न्हाई. रतन माझ्यापायी खोटं बोलती. मला लई दिसापास्नं ठावं हाय."

त्यांनी चिमणी लावली. तिच्या धुराने लगेच डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, हनुमंतला निरोप धाडलाय, रविवारी तो हिर्डोशीपर्यंत टेम्पो आणणार. रागाने जात नाही, पण तुम्ही रोज दिव्याकडे बघत उपाशी उठता आणि मी त्याच दिव्याखाली टाके घालते, हे काही मला जमायचं नाही.

रखमाजींनी चिमणीची वात जरा खाली केली. मग धोंडाबाईच पुन्हा बोलल्या, जरा वेगळ्या आवाजात. हनुमंतच्या वेळी त्यांना बाळंतरोग झाला होता. ताप उतरेना, तेव्हा सासऱ्यांनी राईतल्या एका झाडाची साल आणून उगाळून दिली होती.

"ती चालली ती कशी?"

"ते अवशद," रखमाजी म्हणाले. "दुखनं असलं तर मागून आनता येतं. ज्याचं दुखनं त्याच्यापुरतं."

"मग हे काय हाय? नाच बघायला मागती का म्या उजेड?"

रखमाजींनी चिमणीकडे बघितलं, मग बायकोच्या डोळ्याकडे. मला वाटलं आता मार्ग निघाला. पण ते म्हणाले, "मागताना काय नेतो ते नाव घिऊन सांगावं लागतं. साल तर साल, पाला तर पाला. ह्याचं नाव काय?"

पुढचे तीन-चार दिवस ते हाच प्रश्न घेऊन हिंडले. रतनबाईंनी सांगितलं, युनिट. ते म्हणाले, ते मापाचं नाव झालं, धान्याला पायली म्हणतात का? मी पुन्हा जोर म्हटलं. मग ते मला घेऊन यंत्रापाशी गेले आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात घालून म्हणाले, जोर तर ह्यातबी हाय की, बाई. थोडा कमी आहे, मी म्हटलं. मग कमी झालेला तेवढाच गेला का? आणि बाकीचा? वर्गात मी जे इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले, ते त्या पाण्यात हात घातल्यावर मलाच नीट कळेनासं झालं. मौलालीभाई शनिवारी आले. त्यांनी करंट हा शब्द सांगितला, मग स्वतःच मान हलवली. म्हणाले, "तात्या, कुठनं येतंय ते मला ठावं हाय. काय येतंय ते न्हाई. माझी आई दवा घेताना नाव विचारत न्हाई, देणाऱ्याचं नाव तेवढं घेती."

रविवारी हनुमंत आला. टेम्पो खाली हिर्डोशीला थांबवून वर चढून आला, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला आणि वैतागलेला. धोंडाबाईंचं बोचकं बांधून तयार होतं. मीही निरोप द्यायला गेले होते. निघताना रखमाजी म्हणाले, वाईच राईपातूर या. हनुमंत म्हणाला, आबा, टेम्पोवाला थांबायचा नाही. धोंडाबाईंनी त्याच्या हातात बोचकं दिलं आणि चालायला लागल्या.

आम्ही तिघं धोंड्यापाशी उभे राहिलो. रखमाजी आत गेले. देवीपुढे उभे राहून ते मोठ्याने बोलले, कारण मागायचं ते ऐकू जाईल असं मागावं लागतं. पावसातून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"आई, धोंडाबाईच्या डोळ्यासाठी तुझं कायतरी न्हेतोय. काय ते मला कळलं न्हाई. लई इचारलं, पर कळलं न्हाई. तुला ठावं असंल. तिच्यापुरतंच न्हेतो."

ते बाहेर आले, तेव्हा त्यांचा चेहरा सुटका झालेल्या माणसासारखा नव्हता. होता तसाच गोंधळलेला होता. हनुमंतने विचारलं, "मग आई येती का न्हाई?"

धोंडाबाईंनी त्याच्या हातातलं बोचकं घेतलं, सोडलं आणि वरची गोधडी काढून त्याच्या खांद्यावर टाकली. "ही तेवढी न्हे. पोरीला घाल. भिजवू नगो."

हनुमंत गोधडी इरल्याखाली धरून उतरून गेला.

त्या दिवसापासून रखमाजींच्या घरात रोज दिवा लागला, पावसाळ्यात पाण्याचा, उन्हाळ्यात उन्हाचा, आणि दिवाळीच्या सुमारास कोणास ठाऊक कशाकशाचा. पण औषध ज्याचं त्याच्यापुरतं. रखमाजी त्या दिव्याखाली कधी बसले नाहीत. जेवण ओट्यावर, दाराच्या आडोशाला, उजेड पडणार नाही अशा जागी. धोंडाबाई आत, ते बाहेर, आणि मधे उंबरठ्यावरून दोघांचं बोलणं चालायचं, पूर्वी कधी बोलले नसतील इतकं. उन्हाळ्यात मी एकदा म्हटलं, आता तर निव्वळ उन्हाची आहे, आत बसायला काय हरकत? ते म्हणाले, मागताना तिच्यापुरती मागितली. आता कुठली आहे ते रोज कोण बघत बसणार?

पुढे चार-पाच वर्षांनी बोर्डाचे खांब वाडीत आले. मी निवृत्त व्हायच्या बेतात होते. खांब उभे करणाऱ्या वायरमनला रखमाजींनी आपला प्रश्न विचारला, ही कुठली? वायरमन म्हणाला, आजोबा, धरणाची असेल, कोळशाची असेल, कुठली कुठली येते, आम्हालाच ठाऊक नसतं. रखमाजींनी मान डोलावली. त्यांना त्या उत्तराने आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

निरोप घ्यायला गेले त्या संध्याकाळी ते ओट्यावर अंधारातच जेवत होते. सोबत आलेल्या नव्या शिक्षकांना ते बघवलं नाही. म्हणाले, आजोबा, आत दिवा आहे की, अंधारात का जेवता?

आतून धोंडाबाईंनी उत्तर दिलं. "जेवू द्या त्यांना तितंच. त्यांचं डोळं चांगलं हायेत."